मिशनच्या बाई आणि तिसरा दिवस

बाई आधी चष्मा काढायच्या. मग तो पदराच्या टोकाने पुसायच्या, दोन्ही बाजूंनी, सावकाश. पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवायच्या नाहीत. हातातच धरून समोरच्या माणसाकडे अंधुक बघत म्हणायच्या, "असं लिवेल नाई बाप्पा."

असं लिहिलेलं नाही, हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याला गणतीच नाही. चिखलीच्या मिशन दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. बाई तिथे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, उतरवलेल्या पट्ट्या मोठ्या पातेल्यात उकळायच्या. शिवाय सकाळी आमच्या डॉक्टरीण मडम येण्याआधी ओसरीवर जमलेल्या रोग्यांना त्यांच्या शास्त्रातलं पानभर वाचून दाखवायच्या. ऐकल्याशिवाय औषध मिळत नाही अशी रोग्यांची पक्की समजूत होती, त्यामुळे सगळे डोळे मिटून ऐकायचे. बाई रोज सांगायच्या, "ऐकलं नाई तरी दवाई भेटते." त्यावर कोणाचा विश्वास बसत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याने एखादी गोष्ट चुकीची सांगितली की यांच्याने बसवत नाही. दोघं आपसात बोलत असले तरी ही तिसरी व्यक्ती हातातलं काम टाकून येते आणि चूक दुरुस्त करून जाते. बाई त्या जातीच्या होत्या. फरक एवढाच, की त्या स्वतःच्याच धर्माबद्दलच्या चुका दुरुस्त करायच्या, आणि त्या दुरुस्त्यांनी त्यांच्या धर्माचा काही फायदा झालेला मी कधी पाहिला नाही.

दिसायला ठेंगण्या, अंगाने वाळक्या. पांढरं लुगडं, लांब बाह्यांची चोळी, कपाळ मोकळं. नवी माणसं त्यांना विधवा समजायची. मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आल्या, तिथेच वाढल्या, लग्न केलं नाही. कोणत्या गावच्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. बोलणं मात्र अस्सल वऱ्हाडी, त्यात मधेच शास्त्रातले भारी शब्द. एक व्यसन होतं, मिसरीचं. मडमपासून लपवून उकळत्या पातेल्याच्या आडोशाला बसून त्या मिसरी लावायच्या. हे मडमसकट सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं.

एकदा वडनेर भोलजीचा एक म्हातारा आला. चिखलीला लेकीकडे आला होता आणि पायाला मोठी जखम झाली होती. मिशनवाले पाणी टाकून बाटवतात आणि मेल्यावर आपल्या स्वर्गात ओढून नेतात, असं त्याने ऐकलेलं. म्हणून तो वॉर्डातलं पाणी पीत नसे, लेकीच्या घरून घागर यायची. बाई त्याचा पाय धुवायला बसल्या, तर केवढ्याने ओरडला!

"पायावर टाकलं वं! आता पाय तुमच्या सरगात जाईन आन बाकीचा मी इकडंच राहीन!"

बाईंनी हात पुसले, चष्मा काढला. "असं लिवेल नाई बाप्पा. मनानं कबूल केल्याबिगर पाणी म्हंजे पाणीच असते."

म्हातारा थोडा निवला. भिंतीवर विलायतेहून आलेलं एक रंगीत चित्र होतं. त्यात गोरे गोरे देवदूत ढगावर बसून वाद्यं वाजवत होते. त्याकडे हात करून तो म्हणाला, "पन बाई, दिसभर बाजाच वाजवा लागते का तथी?"

"थे चित्र काढनाऱ्यानं काढलं. शास्त्रात तर नवी जमीन लिवेल हाये. जमीन, नदी, झाडं."

"जमीन?" म्हातारा उठून बसला. "काळी का मुरमाड?"

बाईंनी बराच विचार केला. "एवढं लिवेल नाई," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्या दिवसापासून म्हातारा आमच्या माठातलं पाणी पिऊ लागला.

गावातल्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींशी मात्र त्यांचं बिनसलं. शेटजींनी वॉर्डाला दहा खाटा दिल्या होत्या. देताना सहज म्हणाले, "इतका पुन्य केला बाई, तुमच्या देवाच्या घरीबी एक जागा पक्की झाली म्हना आपली."

कोणीही शहाणं माणूस यावर हसून हात जोडेल. बाईंनी चष्मा काढला. खाटा देऊन जागा मिळते असं लिवेल नाई, असं तोंडावर सांगितलं. शेटजी चिडले. मग कशाने मिळते, म्हणाले.

"तथी कमावता येत नाई, शेटजी. फुकट भेटते."

"फुकट?" शेटजींना हे अगदीच हलकं वाटलं. "फुकट चीज कोन घेईन?"

"थेच तं," बाई म्हणाल्या. "कोनी घेत नाई."

पुढच्या वर्षी गाद्या यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. मडम आठवडाभर बाईंशी बोलली नाही.

पण एकदा बाई स्वतः चुकल्या होत्या, तेही सांगितलं पाहिजे. थंडीत बुलढाण्याहून जिल्ह्याच्या साहेबाचा दौरा आला की डाकबंगल्यावर मुक्काम पडे. साहेबाचा खानसामा गोव्याकडचा, रोमी पंथाचा ख्रिस्ती. गळ्यात कुठल्याशा संताचा बिल्ला. हात भाजला म्हणून तो पट्टी बांधायला येई. बाईंनी बिल्ल्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मेलेल्या माणसाची पूजा करणं शास्त्रात नाही, म्हणाल्या.

खानसामा म्हणाला, "पूजा कौन करता, बाई? पूजा भगवान का. तुम बीमार पडता तो पड़ोसी को बोलता ना, मेरे वास्ते दुआ करो? हम भी इसको वोही बोलता."

"थो तं मेला."

"मरा तो क्या हुआ? भगवान के पास तो जिंदा है ना? ये तो तुम्हारा पादरी भी बोलता."

"आन तुमचा मोठा पाद्री मान्साले संत बनवते, थे?"

"बनाता नहीं, बाई. पहचानता. बनानेवाला दूसरा."

पट्टी बांधून झाली, खानसामा गेला. दुसऱ्या दिवशी तो येताच त्या स्वतः उठून त्याच्यापाशी गेल्या. "तुमच्याबद्दल मले चुकीचं सांगेल होतं," म्हणाल्या. "मले तुमचं पटत नाई. पन तुम्ही पूजा करता असं मी आता म्हननार नाई." खानसाम्याला हे सगळं कशाबद्दल ते आठवेचना.

त्यानंतर मी त्यांना विचारलं होतं, की मग तुमच्यात संत कोण? त्या म्हणाल्या, त्यांच्या शास्त्रात तो शब्द साध्याच माणसांना लावला आहे. भांडणारे, पोटभरू, एकमेकांवर रुसणारे, पण त्या देवाला धरून असलेले, ते सगळेच.

"हा खानसामाही? साहेबाच्या कोंबड्या चोरतो तो."

"थो बी."

"आणि तुम्ही?"

त्यांनी काळे झालेले दात दाखवले. "मी बी. मिसरीसकट."

एका बाबतीत मात्र त्या कधीच काही बोलत नसत. वॉर्डात कोणी दगावलं की घरची माणसं विचारायची, बाई, आमचं माणूस आता कुठे असेल? चांगल्या जागी असेल ना? दवाखान्यातले बाकीचे काहीबाही गोड बोलून वेळ निभावून न्यायचे. बाई नुसत्या जवळ बसून राहायच्या. मला तो कोरडेपणा वाटे.

मग आमची मुलगी गेली. साडेतीन वर्षांची होती. आश्विनात ताप भरला, उतरलाच नाही. औषध मडमने लिहून दिलं, पुड्या मी बांधल्या. सातव्या दिवशी दुपारी ती गेली. मी दवाखान्यात जाऊन उरलेल्या पुड्या पुन्हा तोलून पाहिल्या. वजन बरोबर होतं.

मला काही वाटत नव्हतं. ही मी बढाई मारत नाही, तेव्हा काही वाटतच नव्हतं. लहान लेकरांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेर ओढ्याकाठी बाभळींखाली त्याची जागा आहे. तिथे मी स्वतः माती लोटली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. मिक्श्चरच्या बाटल्यांवर डोसासाठी कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, त्या कात्रीने खाचा पाडून तयार केल्या. नेहमीपेक्षा सरळ खाचा आल्या. बाई दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

बायकोही रडली नाही. ती पिंपळगाव राजाची, मोठ्या घरातली. मला डबा घेऊन रोज दवाखान्यात यायची आणि मी जेवेपर्यंत ओसरीवर बसून बाईंचं ऐकायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, अंगण झाडलं, चूल पेटवली, भाकरी केली. दोन दिवसांत घरात काही शिजलं नव्हतं. मला वाटलं, सावरली. मग तिने तांब्यात दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी मातीवर दूध घालतात, त्यात काही नवल नव्हतं. पण दुधाबरोबर तिने मुलीचा धुतलेला परकर-पोलकं घेतलं, आणि लहान फणीही घेतली.

"फणी कशाला?" मी विचारलं.

"केस गुतले असतीन," ती म्हणाली.

मी तिच्या मागे गेलो. ती त्या जागेपाशी बसली. दूध घातलं नाही, तांब्या शेजारी ठेवला. कपडे दगडावर घडी करून ठेवले आणि मातीकडे बघत बसली. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, आणि तिने नंतर सांगितलंही. बाईंच्या शास्त्रात पुरलेली माणसं उठतात, त्यांचा देव तर तिसऱ्याच दिवशी उठला. आपली माणसं जाळतात म्हणून ती उठू शकत नाहीत, उठायला काही उरतच नाही. पण हिला आपण पुरलं आहे. म्हणजे ही उठणार. मी तिथे उभा राहून या विचारात खोट शोधत होतो आणि मला ती सापडत नव्हती.

दुपार झाली तरी ती हलेना. तीन दिवसांत पोटात अन्नाचा कण नव्हता. शेजारपाजारच्या बायका आल्या, हाताला धरून ओढलं, तर तिने एकीला चावा घेतला. कोणी म्हणे बाधा झाली, कोणी म्हणे वेड लागलं, घरात कोंडा. मला कळत होतं की ही आज इथून उठली नाही तर पुन्हा कधीच उठणार नाही. मी दवाखान्यात जाऊन मडमला सांगितलं. मडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बाईंना म्हणाली, जा, तिला सांग की तिची मुलगी देवदूत झाली, तिला पंख आलेत, ती आता वर आहे, मातीत नाही. म्हणजे ती उठेल.

बाईंनी चष्मा काढला. माझं डोकं फिरलं. मी बाईंवर ओरडलो, "आज नाही! आज ते लिहिलेलं-बिहिलेलं काही सांगू नका! ती म्हणेल त्याला हो म्हणा!" त्या दिवसांत मला आलेली ती एकच भावना, राग, आणि तो बाईंवर निघाला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पट्ट्या उकळायचं पातेलं चुलीवरून उतरवून ठेवलं आणि माझ्याबरोबर निघाल्या.

बाभळीखाली जाऊन त्या बायकोच्या शेजारी मातीतच बसल्या. मी थोडा लांब. कितीतरी वेळ दोघी मातीकडे बघत होत्या. मग बायकोनेच विचारलं.

"बाई, तुमचा देव तिसऱ्या दिवशी उठला व्हता नं?"

"उठला व्हता."

"आज तिसराच हाये."

"थो उठला, माय. बाकीच्यायचं तिसऱ्या दिवसाचं नाई."

"मंग कितव्या दिवसाचं हाये?"

"दिवस सांगेल नाई. कोनालेच ठाव नाई. सगळे संगच उठतीन, एवढं हाये."

बायको विचार करत होती. "जाळलेले बी?"

"जाळलेले बी. पुरात वाहून गेलेले बी. जनावरानं खाल्लेले बी."

"मंग पुरून काय फायदा झाला?"

"फायदा काई नाई," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता संपलं. ही बाई माझ्या बायकोला मारणार. बायकोने पहिल्यांदा मान वर केली. "मंग आता ह्या टायमाले कुठी हाये माही पोरगी? मडम सगळ्यायले सांगते का लेकरं देवदूत होतेत. खरं हाये का थे?"

"खरं नाई."

बाईंचा आवाज बारीक झाला होता. "माहा एक भाऊ व्हता," त्या म्हणाल्या. "दुष्काळात आम्ही दोघंच उरलो. मी सातेक वर्साची, थो तीनचा. त्याले पाठीवर घेऊन आली मी मिशनमंधी. थो आठ दिवस जगला. तवाची मडम मले म्हने, तुहा भाऊ देवदूत झाला, त्याले पंख आले. मी रोज वर पाह्यत जाओ. कावळा उडला तरी पाहो. मंग वाचाले शिकली. आन सगळं शास्त्र वाचलं, पहिल्या पानापासून, भाऊ कुठी हाये थे पाहाले. मान्साचा देवदूत होते असं कुठीच लिवेल नाई. देवदूत येगळे, मानूस येगळा. मडमले जाऊन सांगतलं तं मडम रडली. मी बरं वाटावं म्हून म्हनली व्हती, म्हने."

"मंग तुमचा भाऊ कुठी हाये?"

"ठाव नाई."

"एवढं वाचलं तरी?"

"एवढं वाचलं तरी. त्याच्यावर पाणी बी नोतं टाकेल. कोनी म्हनते असं, कोनी म्हनते तसं. लेकरायले माह्यापाशी येऊ द्या, हाकलू नका, असं आमचा देव बोलला व्हता, थे लिवेल हाये. त्याच्यापाशी असंल, असं मी समजते. जागेचं नाव मले सांगता येत नाई."

"मंग तुमी काय करता?"

"वाट पाहून राह्यली."

"कवापासून?"

"लहान व्हती तवापासून."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. त्या पांढऱ्या केसांकडे, मोकळ्या कपाळाकडे. मला वाटतं, आपल्यासारखंच कोणी तिला त्या दिवसांत पहिल्यांदा दिसलं. आम्ही सगळे तिला तिथून उठवायला येत होतो. वाट बघायला कोणी आलं नव्हतं.

"पन मी जेवत असते," बाई म्हणाल्या. त्यांनी ओच्यातून फडक्यात बांधलेली भाकर काढली, वर मिरचीचा ठेचा. दुपारचं त्यांचं जेवण ते. अर्धी तोडून बायकोच्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाऊ लागल्या. त्यांना दात थोडे, त्यामुळे वेळ लागला. बायको हातातली भाकर बघत होती. मग तिनेही खाल्ली, कोरडीच, शेवटपर्यंत. तांब्यातल्या दुधात मुंग्या झाल्या होत्या. ते तिने मातीवर ओतलं, कपडे उचलले आणि उठली.

मी बाईंना कधी धन्यवाद दिले नाहीत. त्यांची माफीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या पट्ट्या उकळत होत्या आणि मी नेहमीसारखा पुड्या बांधत होतो. बायको डबा घेऊन येऊ लागली. आम्हाला पुढे मूल झालं नाही. बायको ख्रिस्ती झाली नाही, आणि बाईंनी तिला तसं कधी म्हटलंही नाही. दोघी ओसरीवर बसायच्या. काय बोलायच्या ते मला माहीत नाही.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. बाई एका सकाळी चुलीपाशी बसल्या जागीच गेल्या. पातेल्याखालचा जाळ अजून चालू होता. त्यांना मिशनच्या आवारात, मागच्या भिंतीलगत पुरलं. पाद्री आला होता, त्याने थोडक्यात आटोपलं. मी खांदा दिला. तेव्हाही मला विशेष काही वाटलं नाही. सवय झाली होती म्हणा.

आता पुढचं घडलं ते आमच्याकडेच घडू शकतं. आमच्या भागात मोठं माणूस जाळत नाहीत ते एकाच कारणाने, ते साधुपुरुष असलं तर. त्याला समाधी देतात. बाईंच्या हातून पट्टी बांधून घेतलेली माणसं खेड्याखेड्यांतून होती. त्यांनी ऐकलं, बाईंना पुरलं. त्यांनी सरळ अर्थ लावला. महिन्याभरात त्या मातीवर गुलाल दिसू लागला. मग उदबत्त्या, नारळ, भिंतीपल्याडच्या लिंबाला नवसाचे दोरे. मिशनचा माळी सकाळी सगळं झाडून काढी, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. मडमने पाटी लावली, इथे पूजा करू नये. लोकांनी पाटीलाही गुलाल लावला.

मी रोज ते बघत होतो आणि काही बोलत नव्हतो. बाईंना काय वाटलं असतं ते मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. दोन शब्द सांगायला माझं काय जात होतं? पण मला वाटे, सांगून काय होणार.

एका दुपारी बायको डबा घेऊन आली आणि मला बोलावून मागच्या भिंतीकडे घेऊन गेली. एक खेड्यातली बाई तिथे बसली होती. चार कोसांवरून पायी आलेली. मांडीवरची तीन-चार वर्षांची पोर तिने बाईंच्या मातीवर निजवली होती आणि नारळ हातात घेऊन तोंडाने पुटपुटत होती. पोरीचे ओठ सुकले होते. मी तिच्या कपाळाला हात लावला, चटका बसला.

"दवाखान्यात दाखवलं का?" मी विचारलं.

"दवाखान्यात कायले?" ती म्हणाली. "माई हाये नं इथिसा. माईले सांगतलं. पोरीले इथं राती झोपवते, सकाळी उठंल."

बाई संत होत्या, पण तुम्ही समजता तशा नाहीत, हे कसं सांगायचं? आणि ते खरं तरी कितपत होतं?

बायको खाली बसली. त्या आईला म्हणाली, "माय, हे बाई माह्या वळखीची. हे तुहं ऐकते का नाई थे मले ठाव नाई. पन हे जित्ती असती तं तुह्यासंग इथं बसली नसती. पोरीले उचलून अंदर घेऊन गेली असती."

"पन नवस..."

"नवस राहू दे. पोरीले दे."

आणि तिने वाकून ती पोर मातीवरून उचलली. आमच्या घरात मूल गेल्यापासून बायकोने कोणाचंही लेकरू हातात घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. बारशालाही ती दारातून परत यायची. ती पोरीला छातीशी धरून भराभरा चालू लागली. मागे ती आई, तिच्यामागे मी. नारळ कसा कोण जाणे माझ्याच हातात आला होता.

मडम तपासायला आली. मी चिठ्ठी करायला टेबलाशी बसलो, नारळ बाजूला ठेवला, टाक शाईत बुडवला. नाव लिहिल्याशिवाय चिठ्ठी होत नाही. मी मान खाली घालूनच विचारलं, "पोरीचं नाव?"

बायकोने आमच्या मुलीचं नाव सांगितलं.

ते नाव त्या बाभळीखालून आल्यापासून आमच्या दोघांत कोणी उच्चारलं नव्हतं. तिने ते अगदी सहज सांगितलं, विचारल्यावर सांगतात तसं. सांगितल्यावर तिला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. माझा टाक कागदावर टेकला होता आणि मी ते अर्धं लिहून बसलो होतो. अक्षरं अंधुक होऊ लागली. आधी मला कळेना का. मग शाईवर पाणी पडलं.

चूक दुरुस्त करायला बाई नव्हत्या. मी ते अर्धं नाव खोडलं आणि दारात उभ्या असलेल्या त्या आईला तिच्या पोरीचं खरं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं.

बायकोने पोरीला खाली ठेवलं नाही.